दहा-दहाचं विमान

आमच्या घराच्या पुढच्या खोलीत माग होता, त्यामुळे पाहुणे आले की त्यांना मागाला वळसा घालून स्वयंपाकघरात बसावं लागे. नागपुरातल्या आमच्या तांडापेठेत तेव्हाही असे माग थोडेच उरले होते. आजोबांना दिसत होतं तोवर ते विणायचे आणि आई सुताच्या कांड्या भरायची. त्यांची नजर गेली तोपर्यंत बाबा एका शाळेत शिपाई म्हणून लागलेले होते. माग विकून टाकावा असं घरात सगळ्यांनी ठरवलं, आणि घेणारा माणूस येणार त्या सकाळी आईच मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसली. "अर्धं पातळ राह्यलं आहे, तेवढं काढते न् मंग देजा," ती म्हणाली. ते अर्धं पातळ कधी संपलं हे मला आठवत नाही, पण माग काही गेला नाही. माझा सगळा अभ्यास त्या आवाजात झाला. पावडी दाबली की करकर, धोटा पळाला की सुळकन, फणी आपटली की धप. त्या धपच्या आणि पुढच्या करकरीच्या मध्ये एवढीशी शांतता असे, आणि कधीकधी तिच्यात वरून विमानाचा आवाज येई.

बारावीत असताना सुताच्या लडी वाळत घालायला मी गच्चीवर जायचे. गच्ची म्हणजे अर्धा स्लॅब आणि अर्धे टिनाचे पत्रे. पत्र्यावर पाय पडला की खालून बाबा ओरडत. तिथे उभं राहिलं की एक पांढरी रेघ रोज जवळपास एकाच वेळी उत्तरेकडे जाताना दिसायची. मला आधी भास वाटला. खात्री करावी म्हणून प्रयोगवहीच्या शेवटच्या पानावर वेळ लिहायला लागले, आणि आठवड्याभरात कळलं की भास नव्हता. नागपूर देशाच्या मधोमध असल्यामुळे इथे न उतरणारी कितीतरी विमानं आमच्या वरून जात होती. डोक्यावर एवढा मोठा चौक आहे आणि आमच्या गल्लीत त्याचा कुणाला पत्ताच नाही, याचं मला फार नवल वाटे. पण हे सांगायचं कुणाला, म्हणून सांगितलं नाही.

कॉलेजात गेलेली घरातली मी पहिली. प्रवेशाच्या दिवशी बाबा फाटकाबाहेरच थांबले, कारण आत पालकांना येऊ देतात की नाही हे त्यांना माहीत नव्हतं आणि विचारायचा धीर आम्हा दोघांपैकी कुणालाच झाला नाही. वर्गात मी दुसऱ्या वर्षापर्यंत एकही प्रश्न विचारला नसेल. प्रश्न डोक्यात तयार होई, पण त्याला इंग्रजी कपडे घालेपर्यंत तास संपलेला असे. मोबाइलवर मात्र कुणी तोंडाकडे पाहत नव्हतं. चुलतभावाने दिलेल्या जुन्या फोनवर मला एक जागा सापडली, जिथे विमानांचे वेडे लोक विमान कंपन्यांच्या बातम्यांवर तासन्‌तास बोलत. कोणती कंपनी नवी विमानं घेते आहे, कोणती कुठली सेवा बंद करते आहे, हिवाळ्याच्या वेळापत्रकात काय बदललं, सगळं. मी दोन महिने नुसतं वाचलं. मग एकदा भीत भीत त्या पांढऱ्या रेघेबद्दल विचारलं. दुसऱ्या दिवशी मराठीत उत्तर आलं: "ते कुठून कुठे जातं ते सांगतो. पण तुम्ही नागपूरच्या दिसता. रविवारी सकाळी वर्धा रोडवर या. पोहेही चांगले मिळतात."

उत्तर देणारे देशकर काका. महाल भागात राहायचे, पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले, इस्त्रीचा बुशशर्ट आणि खिशात दोन पेनं. पहिल्या रविवारी मी बाबांना सोबत घेऊन गेले. धावपट्टीच्या टोकाशी, कुंपणापलीकडून विमानं उतरताना दिसतील अशा जागी एक पोह्याची गाडी लागायची, आणि तिच्याभोवती सात-आठ माणसं तर्री-पोह्याच्या प्लेटा हातात घेऊन आकाशाकडे पाहत उभी. बाबा आपल्या मोपेडवर बसून दुरून पाहत राहिले. परत येताना म्हणाले, "चांगले लोकं आहेत. कोणाच्याच घरी काही काम दिसत नाई."

त्या लोकांत मी तीन वर्षं रविवार काढले. जरीपटका भागात रेडिमेड कपड्यांचं दुकान असलेले लच्छूभाई लांब नळीचा कॅमेरा घेऊन येत आणि दर रविवारी एखादी कंपनी बुडवत. "अरे बेटा, लिख के ले ले. ये लाल शेपटीवाली गर्मी तक नहीं टिकेगी." काका पोह्यावर शेव पेरत म्हणायचे, "लच्छूभाई, मागच्या उन्हाळ्यातही तुम्ही हेच म्हटलं होतं. ती अजून उडून राहिली, तुमच्या दुकानातला सेल मात्र बंद पडला." एखाद्या भाड्याच्या विमानावर जुन्या परदेशी कंपनीचा रंग नव्या रंगाखालून दिसतो का, यावर दोन-दोन रविवार वाद चाले. मजेची गोष्ट अशी की या सगळ्यांत प्रत्यक्ष विमानात बसलेले दोघंच होते, आणि त्यातले एक काका, तेही कुणाच्या तरी तेराव्याला घाईने जावं लागलं म्हणून. मला तिथे बोलता येई. कोणतं विमान किती वाजता, कुठल्या दिशेने, हे मी वहीत लिहून नेत असे आणि लोक ते ऐकून घेत. माझं कुणी ऐकून घेतंय हा अनुभव मला नवा होता.

या रविवारच्या लोकांचा मोबाइलवर एक गट होता. त्याचा एक नियम होता, आणि तो काकांनी घालून दिलेला. जगभरातली विमानं एकाच घड्याळाने चालतात. त्याला यूटीसी म्हणतात, आणि ते आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागे असतं. वैमानिक, कंट्रोल टॉवर, सगळे त्याच वेळेत बोलतात. म्हणून गटावर जी वेळ लिहायची ती यूटीसीत आणि चार आकड्यांतच, मध्ये टिंब नाही, सकाळ-दुपार नाही. चुकून कुणी आपली वेळ लिहिली की काका विचारत, "हे काय, एसटी स्टँडचं वेळापत्रक आहे का?" आणि त्या रविवारचे पोहे त्या माणसाकडे लागत. माझ्याकडे ते कधीच लागले नाहीत. कुठलेही चार आकडे दिसले की मी त्यात मनातल्या मनात साडेपाच मिळवू लागले होते. वर्गातल्या मुली मैत्रिणीच्या वाढदिवसाची वेळ ठरवायच्या तेव्हाही माझं चालूच असे. आता मी शिकवते त्या ज्युनिअर कॉलेजात मुलांना सांगते की सवय ही गोष्ट चांगली. सांगताना जरा चाचरते.

दुसऱ्या वर्षाच्या हिवाळ्यात आईला दिल्लीचं बोलावणं आलं. हातमागाचं सरकारी प्रदर्शन होतं. तिथे लोकांसमोर पाच दिवस बसून विणून दाखवायचं, आणि उद्‌घाटन पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आईच्या मागापाशी व्हायचं होतं. तिकीट त्यांचं, आणि तेही विमानाचं. आईचं माहेर मौद्याचं. तिचा सगळ्यात लांबचा प्रवास शेगावपर्यंत झाला होता. तिने पत्र दोनदा वाचायला लावलं आणि विचारलं, "माग तिथं त्यांचा राहीन, पण फणी?" फणी आणि धोटा आपले न्यायचे असं तिने तिथल्या तिथे ठरवलं. बाकी सगळं माझ्यावर. गल्लीत ज्याने विचारलं त्याला बाबा सांगत, "अर्चू पाहून राहिली ते. तिले त्यातलं सारं समजते." ते ऐकताना मला लाज वाटे आणि बरंही वाटे. इतकी वर्षं या घराने माझ्या फीसाठी, पुस्तकांसाठी जे केलं त्याची पहिल्यांदाच काही परतफेड माझ्या हातून होणार होती.

विमान दुपारी तीन पंचवीसचं होतं. निघायच्या तीन दिवस आधी प्रदर्शनाची व्यवस्था पाहणाऱ्या साहेबांचा माझ्या फोनवर निरोप आला: "विमानाची वेळ बदलली. आता १०१०. वेळेवर पोचा." चार आकडे, मध्ये टिंब नाही. मी साडेपाच मिळवले. तीन चाळीस. म्हणजे पंधरा मिनिटं पुढे. हिवाळी वेळापत्रकात असे पाच-पंधरा मिनिटांचे बदल नेहमीच होतात. मी त्यावर गटात लांबलचक लिहिलंही होतं. मला शंका घ्यायला काही कारणच दिसलं नाही.

बाबांना मात्र दिसलं. निरोप पाहून ते म्हणाले, "दहा-दहा लिहून आहे ना वं? म्हणजे सकाळचे दहा?"

"तसं नसते बाबा," मी म्हटलं, आणि त्यांना खाली बसवून जगाचं घड्याळ समजावलं. कागदावर पृथ्वी काढून दाखवली. बाबांनी सगळं ऐकलं, मान डोलावली, आणि संध्याकाळी कोपऱ्यावरच्या पानठेल्यावर त्यांना सांगताना मी स्वतः ऐकलं: "इमानाचं घड्याळ अलग राहते गा. ते असं सिधं वाचाचं नसते."

साहेबांना एक फोन केला असता तर प्रश्न मिटला असता. पण साहेबांना फोन करायचा म्हणजे काय बोलायचं, मराठीत की हिंदीत, आधी नाव सांगायचं की आधी नमस्कार, याची मला भीती वाटे. मी फक्त "हो सर" असं लिहून पाठवलं. ज्ञान थोडं आणि भीड फार, असं माझं तेव्हाचं खातं होतं.

निघायच्या दिवशी सकाळी घर नुसतं घमघमत होतं. आईने तिखट पुऱ्या तळल्या होत्या, पातोडीच्या वड्या वेगळ्या डब्यात, तिळाची चटणी, शिवाय दिल्लीत कुणाला तरी द्यायला म्हणून संत्र्याची बर्फी. विमान दीड तासाचं आहे हे मी तिला चारदा सांगितलं होतं. "आन् बंद पडलं तं?" हे तिचं चारही वेळचं उत्तर. शेजारची शेवंतामावशी नवीन पातळाच्या निऱ्या नीट करून देत होती. सामानात फणी जुन्या चादरीत गुंडाळून बांधलेली. बाबांनी अर्ध्या दिवसाची रजा घेतली होती आणि ते अंगणात तंगड्या पसरून दाढी करत होते. साडेनऊ वाजून गेले होते. सगळ्यांकडे वेळच वेळ होता.

तेवढ्यात काकांचा फोन आला. "अर्चना, आई आत गेल्या का गं? मी पेढे घेऊन विमानतळाबाहेर उभा आहे. म्हटलं, दहा-दहाचं विमान आहे, भेट व्हावी."

मला वाटलं काका यूटीसीतच बोलत आहेत. "काका, इतक्या लवकर कशाला आलात? तीन चाळीसला आहे."

काका अगदी हळू म्हणाले, "अर्चना, मी गटावर काल शून्य चार चाळीस टाकलंय. तू पाहिलं नाहीस? समोर विमान उभं आहे. लोक चढून राहिले."

शून्य चार चाळीस म्हणजे आपल्या घड्याळात सकाळचे दहा-दहा. बांधाबांधीच्या गडबडीत दोन दिवस मी गट उघडलाच नव्हता. साहेबांनी साध्या माणसांना लिहितात तसं साध्या घड्याळात लिहिलं होतं. पानठेल्यावरच्या कुठल्याही माणसाने ते बरोबर वाचलं असतं. बाबांनी वाचलंच होतं.

मी स्वयंपाकघरात गेले. आई पुरी उलटत होती. "आई, विमान आत्ताच आहे. दहा वाजता. माझं चुकलं." झारा कढईतच राहिला. शेवंतामावशी म्हणाली, "म्हणजे कसं वं?" अंगणातून बाबा अर्ध्या गालाला साबण लावलेले तसेच आत आले. आमच्या घरापासून विमानतळ मोपेडने चाळीस मिनिटं. तिथली सामान घेण्याची खिडकी तर उड्डाणाच्या तासभर आधीच बंद होते. कितीही घाई केली तरी ते गणित बसत नव्हतं, आणि असली गणितं मला फार पटकन येत.

कुणी मला बोललं नाही. तेच कठीण गेलं. मी गच्चीवर जाऊन उभी राहिले, रडायला जागा दुसरी नव्हती. जरा वेळाने आईही वर आली, नव्या पातळाचा पदर कमरेला खोचून. आणि सव्वादहाच्या सुमारास ते आलं. दक्षिणेकडून वर चढत, उजवीकडे झुकत, आमच्या गल्लीवरून उत्तरेला.

"हेच का वं माह्यं इमान?" आईने विचारलं.

"हो."

तिने हाताचा आडोसा करून ते दिसेनासं होईपर्यंत पाहिलं. "रंग चांगला आहे," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "रडतं काहून? गेलं तं गेलं. दुसरं राहीन ना. चाल, जाऊन विचारू." तिला विमानाविषयी काहीच माहीत नसल्यामुळे तिला ते शक्य वाटत होतं. बस सुटली तर माणूस डेपोत जाऊन विचारतो, तेवढंच.

सामान, डबे, फणी असं सगळं घेऊन आम्ही तिघं ऑटोने विमानतळावर गेलो. बाहेर काका पेढ्यांचा डबा हातात धरून उभे होते आणि त्यांच्याशेजारी लच्छूभाई, गळ्यात कॅमेरा. दुकान नोकरावर टाकून आले होते. त्यांनी मला बाजूला घेतलं.

"देख बेटा, ध्यान से सुन. टाइम कंपनी ने बदला. कंपनी टाइम बदलती है तो दूसरी फ्लाइट में सीट मांगने का हक है, तूने ही तो ग्रुप पे समझाया था. बस, बोल दे कि मेसेज मिला ही नहीं. मेसेज साहब के फोन पे आया था, तेरे पे थोड़ी आया."

हा मार्ग अगदी सरळ होता. कुणी तपासणार नव्हतं. आणि खरं सांगितलं तर नियम आमच्या बाजूने नव्हता, कारण बदल कळल्यावर विमान सुटायच्या आधी कळवावं लागतं, हेही मीच गटावर लिहिलं होतं. मी काकांकडे पाहिलं. ते पेढ्यांच्या डब्यावरची सुतळी सोडत आणि पुन्हा बांधत होते. आईने फक्त विचारलं, "निरोप आला होता ना वं तुले?"

"आला होता."

"मंग?" ती म्हणाली. तेवढंच. पुढे काय ते तिने सांगितलं नाही.

कंपन्यांच्या तिकीट-खिडक्या इमारतीच्या बाहेरच्या अंगाला होत्या. खिडकीत माझ्याच वयाचा एक मुलगा टाय लावून बसला होता आणि त्याच्या मागच्या टेबलावर एक चाळिशीतल्या बाई कागद पाहत होत्या. मी वाटेत इंग्रजीत वाक्य जुळवलं होतं. खिडकीशी गेल्यावर ते कुठे गेलं कोण जाणे. मराठीतच म्हटलं, "सकाळचं दिल्लीचं विमान आमचं चुकलं. वेळ बदलल्याचा निरोप मला मिळाला होता. पण मी तो चुकीचा वाचला. चूक माझी आहे, आईची नाही. तिला उद्या सकाळी तिथे विणायचं आहे."

मुलाने पडद्यावर पाहिलं. "मेसेजमध्ये तर क्लिअर टेन टेन आहे. चुकीचं काय वाचलं?"

"मी ते यूटीसीत वाचलं."

"कशात?"

मागच्या बाईंनी मान वर केली. उठून खिडकीशी आल्या. "यूटीसीत? कुठल्या कंपनीत आहेस तू?"

"कुठल्याच नाही मॅडम. बीएस्सी सेकंड इयर."

"मग तुला यूटीसी काय करायचं आहे?"

मागून काका खाकरले. "आमच्यात तसंच लिहितात, मॅडम. नियम मीच केला आहे. तेव्हा चूक थोडी माझ्याकडेही लावा."

बाईंनी आम्हाला एकेक करून पाहिलं. काकांच्या खिशातली दोन पेनं, लच्छूभाईंच्या गळ्यातली हातभर लांब नळी, अर्धवट दाढी केलेले बाबा, चादरीत गुंडाळलेली फणी कडेवर घेतलेली आई, आणि मी. आधी त्यांनी ओठ आवळून धरले. मग हसायला लागल्या, आणि इतक्या हसल्या की चष्मा काढून ठेवावा लागला. मुलगा गोंधळून पाहतच राहिला.

"अगं," त्या डोळे पुसत म्हणाल्या, "मी नोकरीला लागले तेव्हा ड्यूटीचा तक्ता यूटीसीत यायचा. मला कुणी सांगितलंच नव्हतं. मी साधी वेळ समजून साडेपाच तास आधी जाऊन बसले. ऑफिसला कुलूप. वॉचमनने मला चहा पाजला आणि विचारलं, पोरी, घरी भांडून आलीस का? त्याच खड्ड्यात तू उलट्या बाजूने पडलीस." मग त्या मुलाला म्हणाल्या, "सरक जरा." खुर्चीत बसून त्यांनी बराच वेळ काहीतरी टाइप केलं, एक फोन केला, कुणाशी तरी "हो, माझ्या जबाबदारीवर" असं बोलल्या. शेवटी कागद बाहेर आला. संध्याकाळच्या विमानात एक जागा. "निरोप मिळाला नाही असं सांगणारे मला दिवसाला पाच भेटतात," त्या म्हणाल्या. "असं कारण सांगणारी तू पहिलीच. आता घड्याळात पाहून ये. भिंतीवरच्या."

विमान संध्याकाळी होतं, तोवर पाच तास. पार्किंगच्या कडेला एका झाडाखाली चादर पसरून आम्ही बसलो आणि आईने डबे उघडले. दिल्लीला जायच्या पुऱ्या तिथेच संपल्या. लच्छूभाईंनी पातोडीची वडी खाऊन कानाला हात लावला आणि डोळ्यांतून पाणी येत असताना दुसरी उचलली. "भाभीजी, ये तो पेट्रोल है!" काका आईला विमानाची माहिती देत होते आणि आई कामाचे तेवढेच प्रश्न विचारत होती. "इमान मांगं येते का?" "नाही, मागे जायला त्याला ट्रॅक्टर ढकलतो." "म्हणजे बैलासारखंच," ती म्हणाली, आणि काकांनी खिशातलं पेन काढून ते लिहून घेतलं.

शेवटची पुरी माझ्या हातात देत बाबा म्हणाले, "तुले दहा-दहा वाचता येत नाई, मले इंग्रजी वाचता येत नाई. झालं बराबर." आणि स्वतःच्याच बोलण्यावर ते इतके खूश झाले की पुढे कित्येक वर्षं त्यांनी ते प्रत्येक पाहुण्याला सांगितलं. माझ्या लग्नातही सांगितलं.

आईला आत सोडताना दारावरच्या जवानाने कागद पाहिला. ती मागे वळून पाहील असं मला वाटलं होतं. पण ती सामानाची ढकलगाडी कशी वळते हे पाहण्यात गुंतली होती, आणि ते नीट जमल्यावर ती सरळ निघूनच गेली.

दिवस मावळता मावळता आम्ही चौघं कुंपणाशी गेलो. पोह्याची गाडी तेव्हा नव्हती. विमान धावपट्टीच्या टोकाशी येऊन थांबलं, दिवे लागले, आवाज वाढला. लच्छूभाईंनी कॅमेरा डोळ्याला लावला. बाबांनी टोपी काढून हातात घेतली. का ते मी विचारलं नाही. मी तोवर हजारभर विमानं पाहिली असतील. त्या विमानाचं चाक जमिनीवरून सुटलं तेव्हा मात्र मी श्वास धरून ठेवला होता आणि ते ढगात जाईपर्यंत सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी साहेबांच्या फोनवरून आई बोलली. उद्‌घाटन झालं होतं, फणी बरोबर बसली होती, थंडी फार होती. बर्फी सगळ्यांना आवडली. विमानाचं काय, असं मी विचारलं.

"काही नाई वं. बाजूले एक मोठा माणूस बसून होता, कोटवाला. इमान उठलं तसं त्यानं डोये मिटले न् माह्या हाताले धरलं. घाबरून राह्यला होता बिचारा."

"मग तू काय केलं?"

"मी काय करीन? म्हटलं, भाऊ, भिऊ नका. माह्यी पोरगी खालून पाहून राहिली."